छातीभर खोल

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं मी मोडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला मी भला माणूस वाटायला नको.

मोडली ती चर्चमध्ये, ईस्टरच्या गाण्यांची तालीम चालू असताना, वीसेक माणसांच्या देखत. तो सतरंजीवर मांडी घालून हार्मोनियम वाजवत होता आणि मी त्याच्या हातावर पाय हाणला. पायात गमबूट होता. हार्मोनियमच्या तीन पट्ट्या तुटल्या, त्यांचा आवाज मोठा झाला. बोटांचा आवाज आलाच नाही, म्हणून क्षणभर सगळ्यांना वाटलं की नुसता बाजाच फुटला. मग भाऊ ओरडला.

आमचं दोघांचं हे लहानपणापासूनचं होतं. आमचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि त्यांचा हात चटकन उठायचा. हाताला लागेल त्यानं मारायचे. पट्टा, चप्पल, एकदा तर मागावर इकडून तिकडं धावतो तो लाकडी धोटा. त्याच्या टोकाला लोखंड असतं. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. मार खाल्ल्याचं मला फारसं दुःख नव्हतं, आमच्या वस्तीत मार न खाल्लेलं पोरगं शोधूनही सापडलं नसतं. दुःख याचं होतं की मारून झालं, दम लागला, की ते धाकट्याकडं बोट दाखवायचे. "त्याच्याकडं बघून शीक की जरा."

धाकट्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. त्याचा गळा गोड होता. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला सातव्या वर्षी हार्मोनियमवर बसवलं आणि पंधराव्या वर्षी वडिलांनी मला मागावर बसवलं. तो कॉलेज शिकला, एका शाळेत क्लार्क झाला. चर्चचा गानवृंद तो चालवतो. पाळकसाहेब बाहेरगावी गेले तर उपदेशही तोच करतो. त्याचे व्हिडिओ मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. मी ते व्हिडिओ बघायचो. दोनदा-दोनदा बघायचो आणि दात खायचो.

अठरा वर्षं मी कबरी खणतोय. आमच्या मंडळीत पद्धत अशी की मेलेल्या माणसाची कबर मंडळीतल्याच माणसानं खणायची, बाहेरचा मजूर लावायचा नाही. पूर्वी घरटी एक गडी यायचा. मग हळूहळू कुणाला कंबर लागली, कुणाला ड्यूटी लागली, कुणाला बायको सोडेना. उरलो मी. जेसीबी आणायचा म्हटलं तर दफनभूमीचं फाटक अरुंद, आणि आत आणला तरी बाकीच्यांच्या छातीवरून नेणार कसा? म्हणून पहार, टिकाव, खोरं आणि घमेलं. सोलापूरची जमीन वर हातभर काळी माती दाखवते आणि मग मुरूम काढते. मुरमाखाली दगड. उन्हाळ्यात पहार हाणली की झिणझिण्या थेट दाढेपर्यंत येतात.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. घाव घालताना कुणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, म्हणजे दगडही फुटतो. आधी वडिलांचा आणायचो. ते गेल्यावर भावाचा आणायला लागलो.

मंडळीच्या वर्धापनदिनाला सगळ्या सेवा करणाऱ्यांना पुढं बोलावून शाल देतात. गानवृंद झाला, रविवारच्या शाळेच्या बाई झाल्या, वेदीवर फुलं ठेवणाऱ्या झाल्या, माइक लावणारा झाला, गेल्या वर्षी तर गाड्या नीट लावायला सांगणाऱ्यालाही शाल मिळाली. मी मागच्या बाकावर, नखांत मुरूम घेऊन टाळ्या वाजवत होतो. पाळकसाहेब चांगले माणूस आहेत. ते मला म्हणायचे, अरे, मंडळी म्हणजे एक शरीर, प्रत्येक अवयवाचं मोल सारखंच. मी विचारायचो, "मग मी कोण, साहेब?"

"तू हात."

"आणि धाकटा?"

"तो जीभ."

"मग जिभेला शाल आणि हाताला घट्टे, हे कसं काय, साहेब?"

पाळकसाहेब पोट धरून हसायचे. मी विनोद करत नव्हतो.

तर तालमीचा दिवस. दुपारी मी एका रिटायर्ड पोस्टमनची कबर खणली होती, माती झाल्यावर बुजवलीही होती. लोक डोळे पुसत घरी गेले. मी हत्यारं चर्चच्या मागच्या खोलीत ठेवली आणि पाणी प्यायला आत शिरलो, कारण माठ आत असतो. गानवृंद गात होता. गुडघ्यापर्यंत माती घेऊन मी सतरंजीवरून निघालो. भावानं सूर न सोडता, मान वर न करता म्हटलं, "दादा, पाय धुऊन ये की. सतरंजी आत्ताच धुऊन आणलीया."

वाईट काही बोलला नव्हता तो. तिथं बसलेल्या कुणीतरी मात्र खुदकन हसलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

दवाखान्यात त्यानं डॉक्टरला सांगितलं, दारात बोटं सापडली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंसुद्धा तोच थोर ठरला! पोलिसांत गेला असता, मला चार शिव्या घातल्या असत्या, तर बरोबरी झाली असती. बोटांत तारा घातल्या, वर प्लास्टर बसलं. त्यातलं एक बोट आजही पुरतं वाकत नाही. ते मी दर रविवारी बघतो.

पंच बसले. आमच्या मंडळीचा कारभार पाच पंच बघतात. थोरले पंच रिटायर्ड हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सरांनी ठराव वाचला. मला सहा महिने मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलं होतं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येणार नाही. मंडळीच्या कोणत्याही सेवेत भाग घेता येणार नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. भाऊ पहिल्या बाकावर प्लास्टर मांडीत घेऊन बसला होता, तो तेवढा वळला नाही. त्या ईस्टरला गाणी नुसत्या तबल्यावर झाली.

घरी येऊन मी तो ठराव मनात घोळवत बसलो. कोणत्याही सेवेत. मग कबर खणणं? ते यात धरलंय का? धरलं असतं तर पंचांनी दुसऱ्या कुणाची सोय केली असती. केली नव्हती. म्हणजे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच पंच, एक पाळक, सगळे शिकलेसवरलेले, आणि सेवा म्हटल्यावर एकालाही माझी पहार आठवली नाही. मला मात्र ते बरोबर सापडलं. कायद्याच्या भाषेत सापडलं. आता यांना हो किंवा नाही म्हणावंच लागणार होतं. फक्त त्यासाठी कुणीतरी मरायला हवं होतं. कुणी मरायची वाट बघत बसलो होतो, असं लिहायला हात अडखळतो, पण तसंच होतं.

मे महिन्यात चर्चमधल्या आजी गेल्या. चर्च झाडायच्या, प्रभुभोजनाचे ते अंगठ्याएवढे पेले एकेक करून धुवायच्या, अशा एकट्या म्हाताऱ्या आजी. मी खणत असलो की कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दफनभूमीत पाठवायच्या. शाल त्यांनाही कधी मिळाली नव्हती, आणि मिळाली नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

सकाळी सातला सरांचा फोन. "आजींना प्रभूनं नेलं. मुलगी मंगळवेढ्याहून निघालीय. चारला माती. तू लाग खणायला."

"मला कसं जमंल, सर? मी शिस्तीखाली हाय की."

"त्याचा इथं काय संबंध?"

"कोणत्याही सेवेत भाग न्हाय, असं तुमीच वाचलं. खणणं सेवा हाय का न्हाय, तेवढं सांगा. सेवा असली तर मी बंद हाय. सेवा नसली तर तसं कागदावर लिवून द्या, मग येतो."

सर म्हणाले, "घरात प्रेत आहे आणि तू मला कायदा शिकवतोस?"

"तुमीच शिकिवला, सर."

फोन ठेवला. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. बायकोला म्हटलं, पोहे टाक. तिनं पोहे दिले, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"आजीचा प्रश्न न्हाय हितं."

"मग कुणाचा हाय? ती म्हातारी तितं बर्फाच्या लादीवर पडलीया, आन् तुमी हितं मान मागत बसलाय. मेलेल्या माणसाच्या आडून!"

मी ताट भिंतीवर फेकलं. पोहे कॅलेंडरला चिकटले, ताट घरभर गरगरत राहिलं. बायको घाबरली नाही. तिनं ताट उचललं आणि शांतपणे म्हणाली, "तुमचे वडील असंच ताट फेकायचे, तुमीच सांगत होता की मला." याच्यापेक्षा तिनं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. मी गाडीला किक मारली, दोन-तीन तास गावभर भटकलो आणि मग दफनभूमीकडं निघालो. खणायला नाही. खणायला कोण येतंय आणि कशी फजिती होतेय, ती मजा बघायला.

फाटकाबाहेर गाडी लावून आत डोकावलो. अकरा वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. तरुण संघाची दोन पोरं आली होती म्हणे, हाताला फोड आल्यावर पाणी आणायला म्हणून गेली ती गेलीच. आत एकटा माझा भाऊ होता. डाव्या हातात टिकाव, आणि उजव्या हाताचं प्लास्टर दांड्यावर दाबून धरलेलं. टिकाव वर नेताना तोल जायचा, खाली आणताना पातं वाकडं पडायचं. उकरलेली माती त्यानं अगदी काठावर ढीग करून ठेवली होती, ती निम्मी परत खड्ड्यात घसरत होती. प्लास्टरच्या कडेनं लाल झालं होतं. मला हसू यायला लागलं. वाटलं, वडील असते तर त्यांना हाताला धरून आणलं असतं आणि म्हटलं असतं, आता तुम्ही बघा, कुणाकडं बघून शिकायचं ते.

मग माझ्या लक्षात आलं, तो गुडघाभर खाली गेला होता.

प्लास्टरच्या हातानं, जवळजवळ एकट्यानं, मे महिन्यात, गुडघाभर. ते शक्य नव्हतं. आमच्या जमिनीत तसं जाताच येत नाही. दफनभूमीत माती मऊ लागली की समजायचं, इथं आधी कुणीतरी खणलंय. आमच्या कामातलं हे पहिलं अक्षर, आणि ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला मोकळी जागा दिसली, वर क्रूस नाही, दगड नाही, माती मऊ, म्हणून त्यानं तिथं टिकाव घातला. मी जागा नीट बघितली. मागची भिंत, भिंतीला लागून कडुलिंब, लिंबापासून तीन पावलं.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. मधल्या दोन कबरींवरून उडी मारली एवढं आठवतं. मागून त्याची मान धरली आणि त्याला खड्ड्यातून ओढून बाहेर भिरकावलं. तो मातीच्या ढिगावर पडला, प्लास्टरचा हात अंगाखाली आला, किंचाळला. टिकाव हिसकावून मी भिंतीवर इतक्या जोरानं मारला की दांडा तुटला. "हितं न्हाय! हितं खणायचं न्हाय!" मी ओरडत होतो. त्याला वाटलं मी पुन्हा मारायला आलोय. त्यानं प्लास्टरचा हात तोंडासमोर आडवा धरला. मी वडिलांपुढं धरायचो, अगदी तसा. तुटका दांडा माझ्या हातात होता, तो मी टाकून दिला.

"मोकळी जागा हाय की, दादा," तो हाताआडून म्हणाला.

"मोकळी न्हाय."

"कोण हाय मग?"

त्यानं हात खाली घेतला आणि पुन्हा विचारलं.

"तुझा हाय," मी म्हणालो.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला पहिलं मूल झालं, ते मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. आमच्या मंडळीत अशा मुलासाठी उपासना व्हायची नाही. बाप्तिस्मा नाही, रजिस्टरात नाव नाही, पाळक येत नाहीत, गाणं म्हणत नाहीत. अशा मुलाला कुणीतरी गुपचूप ठेवून यायचं. त्याच्या बायकोचं रक्त थांबत नव्हतं, भाऊ तिच्या उशाशी बसलेला. कुणीतरी ते कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं, कारण खणणारा मी. मी रिक्षानं त्याला छातीशी धरून आणलं. कुठं ठेवलं ते भावानं विचारलं नाही. त्याला विचारवलं नसेल. आणि मी सांगितलं नाही. सांगितलं नाही यात माझा दुष्टपणा होता, तो कबूल करतो. एवढी एकच गोष्ट होती जी माझ्याकडं होती आणि त्याच्याकडं नव्हती. ती मी अकरा वर्षं दाबून ठेवली.

आता तो खड्ड्यात उतरला आणि डाव्या हातानं माती चाचपायला लागला. "लागला का रे? दादा, टिकाव लागला का त्याला?" त्याचा आवाज, ज्या आवाजाचे व्हिडिओ निघतात तो आवाज, पार चिरकला होता. "किती घाव घातले मी! लागला आसंल की!"

"न्हाय लागला. ऊठ."

"तुला काय माहीत?"

"मी ठिवलाय. मला माहीत हाय. लई खाली हाय त्यो."

"किती?"

"छातीभर."

त्याचा चाचपणारा हात थांबला. मातीला आयुष्यभर गायला आलेला माणूस, त्याला एवढं माहीत होतं की तान्ह्या मुलाला कुणी छातीभर खणत नाही. दोन हात खणतात आणि मोकळे होतात. मी त्या दिवशी मोठ्या माणसाची कबर असते तेवढी खणली होती. खाली दगड लागला, तो फोडला. भिंत बुटकी आहे, रात्री कुत्री आत येतात, हे एक कारण. दुसरं मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं, की त्या दिवशी घाव घालताना मी डोळ्यांसमोर कुणाचाच चेहरा आणला नव्हता. बुजवून झाल्यावर वर दगड ठेवायचंही धैर्य झालं नाही, कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून.

भाऊ तिथंच बसला आणि लहान पोरासारखा मोठमोठ्यानं रडला. मग नाक पुसत म्हणाला, "दर मातीला मी हितंच हुभा ऱ्हातो, दादा. लिंबाची सावली असती म्हणून. हितंच हुभं राहून गातो."

मला ते माहीत होतं. इतक्या वर्षांत दर वेळी तो तिथं उभा राहिला की मी दुसरीकडं बघायचो.

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. खड्डा पुन्हा भरला, पायानं नाही, हातानं दाबून. मग पलीकडं, फाटकाच्या बाजूला, जिथं खाली कुणी नाही हे मला पक्कं माहीत होतं, तिथं शवपेटीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त अशी रेघ मारली आणि भावानं आणलेली पहार उचलली. भाऊ डाव्या हातानं घमेलं ओढत होता. अर्धं सांडायचं. मी त्याला बस म्हणालो नाही. कमरेइतकं खाली गेल्यावर, वर न बघता, मी त्याची बोटांबद्दल माफी मागितली. अशी माफी मी जन्मात कुणाची मागितली नव्हती, त्यामुळं नीट जमलीही नाही.

"आधी खण," तो म्हणाला.

दीडच्या सुमाराला सर आले. डोक्यावर छत्री, बरोबर आणखी एक पंच, हातात कागद. मी आधीच खणतोय हे बघून ते जरा गोंधळले, पण सकाळपासून खपून लिहिलेला कागद कुणी वाया घालवतं का? घसा खाकरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पंच मंडळाचं मत असं ठरलं होतं, की कबर खणणं ही मंडळीची सेवा नसून ते श्रमाचं काम आहे, त्यामुळं शिस्तीचा ठराव त्याला लागू होत नाही, आणि मी ते करायला मोकळा आहे.

पुढं काय झालं ते कळायच्या आत छत्री उडून दूर जाऊन पडली होती. माझ्या भावानं डाव्या हातानं सरांची कॉलर धरली होती.

"श्रमाचं काम? परत वाचा! परत वाचा म्हणतो, सर!" त्यानं सरांना असा हिसडा दिला की त्यांचा चष्मा एका कानावर लोंबायला लागला. दुसरा पंच दोन पावलं मागं सरकला. "पाच जण बसून हे ठरिवलं? लाज न्हाय वाटली?" आणि मग त्यानं एक शिवी दिली. ती शिवी आमच्या वडिलांची होती. मी ती त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. प्लास्टरचा हात त्यानं वर उचलला, तो आता सरांच्या तोंडावर उतरणार होता.

मी खड्ड्यातून वर आलो आणि मागून त्याला मिठी मारून धरलं. "सोड त्यांना," मी म्हणालो, "म्हातारं माणूस हाय."

"दादा, तू गप कसा? तुला काय म्हनत्यात ते ऐकू आलं का न्हाय?"

ऐकू आलं होतं. सकाळपासून, सकाळपासून कसलं, अठरा वर्षं मी याच एका उत्तरासाठी दबा धरून बसलो होतो. कुणी तोंडावर असं म्हटलं तर त्याचं काय करायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. मी माझ्या आत राग शोधला. भावाला धरून उभा होतो, त्याचा राग माझ्या दंडांना कळत होता, माझा मात्र सापडेना. त्या कागदानं ती कबर बोटभर खोलही होणार नव्हती आणि बोटभर उथळही. चष्मा लोंबणाऱ्या सरांकडं बघून मला हसू आलं. खरं हसू, कुणाची फजिती बघून येतं तसलं नाही. शिकवलेली पोरं पास झाली की सर असेच घामाघूम होऊन निकाल वाचायचे म्हणे.

"काम तर काम, सर," मी म्हणालो. "बाजूला व्हा, माती येईल अंगावर."

मी पुन्हा खाली उतरलो. सरांनी छत्री उचलली, कागदाची घडी केली आणि ते निघून गेले. त्यांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही. शाल मला पुढच्या वर्धापनदिनालाही मिळाली नाही, आणि भावाचे व्हिडिओ बघून कधीमधी अजूनही दात खातो, ते काही गेलेलं नाही. पण आता एकदाच बघतो.

चारला आजींना आणलं. मुलगी मंगळवेढ्याहून आली होती, रडून रडून तिचा आवाज बसला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि गाण्यासाठी भावाकडं बघितलं. सवयीनं तो लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला होता. त्यानं तोंड उघडलं. खाली मातीकडं बघितलं आणि तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. काही येईना. लोक थांबले, कुणी खोकलं, दोरी धरलेल्या चौघांचे हात भरून यायला लागले.

मग मी सुरू केलं. माझा आवाज म्हणजे फुटका डबा, आणि मी शिस्तीखाली. सूर भलताच वर लागला, पहिल्याच ओळीत फाटला. लोक वळून बघायला लागले, सरांनी डोळे वटारले. अंगभर मुरूम घेऊन, त्या सगळ्यांच्या देखत मी बेसूर ओरडत राहिलो आणि मला कशाचीच लाज वाटली नाही. दुसऱ्या ओळीला भावानं मला पकडलं, हळूच सूर खाली आणला, आणि मग सगळी मंडळी गायला लागली. चौघांनी दोरी सैल सोडली. आजींची शवपेटी सरळ खाली गेली, कुठंही घासली नाही.